बँड ‘अकाली’ संपला म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आलाय: “दादा, मी १९ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सहा महिन्यांपूर्वी डेथ हा बँड सापडला आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकवतच नाही. असे अकाली संपलेले मेटल बँड्स कुठले, लिस्ट द्या ना. आणि ते चालू राहिले असते तर आज मेटॅलिकाएवढे मोठे झाले असते का? आमचाही बँड आहे, बेसिस्ट सप्टेंबरमध्ये एमएसला जर्मनीला चाललाय, म्हणून जरा जास्तच विचार येतायत.”

लिस्ट तुला कुठेही मिळेल रे, पन्नास नावं टाकून देतील लोक. पण तुझा खरा प्रश्न त्या बेसिस्टच्या वाक्यात आहे असं मला वाटतं, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत जरा दमाने वाच. मी बारा वर्षं ड्रम्स वाजवले, त्यातली सात एकाच मेटल बँडमध्ये, आणि आता वीसएक वर्षं लाइव्ह साउंड करतो. पुण्या-मुंबईतले संपलेले बँड्स मोजायला बसलो तर हातापायाची बोटं पुरणार नाहीत, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजू.

आधी ‘अकाली’ म्हणजे काय ते बघू. लोक अल्बम मोजतात. एकच अल्बम काढून गेला म्हणजे अकाली, दहा काढले म्हणजे पुरेसं. मला हे पटत नाही. माझी कसोटी अशी की शेवटचा अल्बम लाव आणि ऐक, त्यात पुढे कुठे जायचं हे ठरलेलं दिसतंय का? नवीन काहीतरी शिजायला लागलंय आणि झाकण लागलं, तर तो बँड अकाली संपला, मग सात अल्बम असोत नाहीतर एक. आणि सगळं सांगून झालेलं असेल, नुसतं तेच तेच चाललं असेल, तर संपला ते बरंच झालं. आता यात प्रत्येकाचे कान वेगळे हे मान्यच आहे, मला जे शिजताना ऐकू येतं ते तुला करपलेलं वाटू शकतं.

या कसोटीवर तुझा डेथ सगळ्यात वर येतो, आणि त्यांचे अल्बम तर सात आहेत. १९८७ चा पहिला अल्बम ऐक, नुसता चिखल, रक्त, भुतं. आणि १९९८ चा ‘द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स’ ऐक. अकरा वर्षांत तोच माणूस कुठून कुठे गेला बघ. मी ‘तोच माणूस’ म्हणतोय कारण फ्लोरिडाचा हा बँड म्हणजे त्याचा गायक-गिटारिस्ट चक शुल्डिनर, बाकीचे येत-जात राहिले, सातही अल्बमवर एकसारखा लाइनअप दोनदा सापडणार नाही. १९९० साली क्रिएटर या जर्मन बँडबरोबर युरोपची टूर ठरलेली असताना चक ऐन वेळी गेलाच नाही, आणि बाकीचे दोघं रोडींना, म्हणजे सामान लावणाऱ्या पोरांना, गाणाऱ्याच्या आणि गिटारिस्टच्या जागी उभं करून ‘डेथ’ या नावाने टूर करून आले! आपल्याकडे असं झालं असतं तर दहा वर्षं भांडण चाललं असतं. चकने त्या दोघांना काढलं आणि फ्लोरिडातल्याच सिनिक नावाच्या बँडमधली दोन पोरं घेतली, गिटारवर पॉल मास्विडाल आणि ड्रम्सवर शॉन रायनर्ट. बेसला स्टीव्ह डिजॉर्जिओ. त्यातून १९९१ ला ‘ह्यूमन’ आला.

इथे जरा थांबतो कारण ड्रमर म्हणून माझं आयुष्य त्या अल्बमने बिघडवलं. मी मित्राच्या मित्राकडून कॉपी केलेल्या कॅसेटवर ऐकला तो, तिसरी-चौथी कॉपी असेल, नुसता फसफस आवाज, पण त्या फसफशीतून सुद्धा कळत होतं की हा ड्रमर नुसता जोरात वाजवत नाहीये, हा मोजतोय, मध्येच हात हलका सोडतोय, जॅझवाले करतात तसं स्नेअरवर बारीक बारीक काहीतरी पेरतोय. तेव्हा आम्हाला वाटायचं मेटल म्हणजे दोन्ही पायांनी बडवायचा डबल बास ड्रम आणि ताकद. दुसऱ्या दिवशी जॅमपॅडवर, म्हणजे आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत, बसलो आणि आपल्याला काही येत नाही हे समजलं. गंमत म्हणजे त्या जुन्या मिक्समध्ये डिजॉर्जिओचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, मला वाटायचं कॅसेटचा दोष आहे. २०११ ला जिम मॉरिसने तो अल्बम नव्याने मिक्स केला तेव्हा कळलं की बेसवाला खाली केवढा राबत होता. वीस वर्षं! तुझ्या बेसिस्टला ते मिक्स ऐकव जायच्या आधी.

तर चक. १९९९ मध्ये त्याला मानेत दुखायला लागलं, नस दबली असेल असं वाटलं. हे वाचताना मला दर वेळी कसंतरी होतं, कारण मान दुखणं हे आपल्या धंद्यात कोण मनावर घेतो, हेडबँगिंग केलं, गिटार गळ्यात अडकवून तीन तास उभा राहिला, दुखणारच. तपासणीत ब्रेनस्टेममध्ये ट्यूमर निघाला, आणि ते कळलं त्याच्या ३२ व्या वाढदिवशी. पुढची अडीच वर्षं उपचार, ऑपरेशन, आणि पैशांची ओढाताण, चाहत्यांनी आणि दुसऱ्या बँड्सनी मदतीसाठी शो केले. १३ डिसेंबर २००१ ला तो गेला, वय ३४.

पण मी त्याला अकाली म्हणतो ते ३४ या आकड्यामुळे नाही. तो आधीच डेथ बाजूला ठेवून कंट्रोल डिनाइड नावाचा दुसरा बँड करत होता, त्यात स्वतः गाणार नव्हता, टिम एमार नावाचा मोकळ्या, चढ्या आवाजाचा गायक घेतला होता. म्हणजे बघ, ज्याच्या ग्रोलवर, त्या गुरगुरत्या आवाजावर, सगळं उभं होतं त्यानेच ग्रोल सोडून दिला. एक अल्बम आला १९९९ ला. दुसरा रेकॉर्ड होत होता, चक आजारी असताना सुद्धा काम चालू होतं, आणि तो अर्धवट राहिला तो राहिलाच. एमार पण २०२३ ला गेला. तो पहिला अल्बम मला स्वतःला फार आवडत नाही खरं सांगायचं तर, जरा कोरडा वाटतो, पण माणूस कुठेतरी निघाला होता हे स्पष्ट ऐकू येतं. दोन अल्बमनंतर तो काय करत असता याचा अंदाजच येत नाही, आणि माझ्या मते अकाली म्हणजे हेच, अंदाज न येणं.

दुसरा बँड एथिस्ट. हे पण फ्लोरिडाचे, सॅरासोटाचे, आणि अल्बम टॅम्पाच्या त्याच मॉरिसाउंड स्टुडिओत झाले जिथे तेव्हा डेथ मेटल या प्रकारातलं अर्धं संगीत रेकॉर्ड होत होतं, स्कॉट बर्न्स नावाचा माणूस साउंडच्या खुर्चीवर. पहिला अल्बम ‘पीस ऑफ टाइम’ त्यांनी १९८८ ला रेकॉर्ड केला आणि अमेरिकेत तो बाजारात यायला १९९० उजाडलं. त्या काळात दीड-दोन वर्षं म्हणजे फार झाली, रोज कोणीतरी नवीन काहीतरी करत होतं, तुमचं नवीन तोवर शिळं व्हायचं. बेसवर रॉजर पॅटरसन. नुसता बोटांनी वाजवायचा, आणि त्याचा बेस बाकीच्या गिटार्सच्या मागे लपून चालायचा नाही, तर पुढे येऊन भांडायचा. फेब्रुवारी १९९१ ला टूरवरून घरी परतताना व्हॅनचा अपघात झाला आणि तो गेला. वय २२.

व्हॅन. यावर बोललंच पाहिजे कारण याचं कोणी नाव घेत नाही. मेटलमधली माणसं दारू-ड्रग्जने जातात असा सगळ्यांचा समज, पण यादी नीट बघितलीस तर रस्त्यावर गेलेले किती आहेत बघ. मेटॅलिकाचा क्लिफ बर्टन, सप्टेंबर १९८६, स्वीडनमध्ये पहाटे बस उलटली, २४ वर्षांचा होता. पोलंडच्या डिकॅपिटेटेडचा ड्रमर व्हिटेक, २००७, टूरवर असताना बेलारूसमध्ये गाडी ट्रकवर आदळली, २३ वर्षांचा, आणि त्यांचा गायक त्यातून वाचला पण बँडमध्ये परत येऊ शकला नाही. लुइझियानाच्या अ‍ॅसिड बाथचा बेसिस्ट ऑडी पीत्रे, जानेवारी १९९७, दारू पिऊन चालवणाऱ्याने ठोकलं, बँड तिथेच थांबला, दोन अल्बमवर. कारण सरळ आहे, छोट्या बँडकडे हॉटेलचे पैसे नसतात, म्हणून शो संपला की रात्रीच निघायचं.

आम्ही पण तेच केलं. एकदा बंगळूरहून परतत होतो, टेम्पो ट्रॅव्हलर, मागे दोन कॅबिनेट आणि माझा ड्रमकिट दोरीने बांधलेला, सगळे घोरतायत, निपाणीच्या अलीकडे कुठेतरी ड्रायव्हरचा डोळा लागला. गाडी डावीकडे मातीत उतरली आणि सिम्बॉल्सची बॅग उडून गिटारिस्टच्या पायावर पडली, त्याच्या बोंबेने ड्रायव्हर जागा झाला, म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून नियम केला, पुढच्या सीटवर जो बसेल त्याने झोपायचं नाही, ड्रायव्हरशी बोलत राहायचं, त्याची बायको-पोरं-गाव सगळं विचारून झालं तरी बोलायचं. तुमचा बँड बाहेरगावी जात असेल तर हा नियम आजपासून घ्या. असो.

एथिस्टकडे परत. पॅटरसन गेला तेव्हा दुसऱ्या अल्बमची गाणी तयार होती, त्याच्या बेसच्या लाइन्ससकट, डेमोवर. सिनिकच्या टोनी चॉयने ते डेमो ऐकून सगळं बसवलं आणि ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’ १९९१ ला आला. चॉय अफाट वाजवतो, त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाहीये. पण नंतरच्या री-इश्यूवर ते डेमो पण टाकलेत, ज्यात रॉजर स्वतः वाजवतोय. आवाज पातळ, ड्रम्स डब्यासारखे, साउंड इंजिनिअर म्हणून मी त्याला दहापैकी तीन देईन. तरी मी अल्बमपेक्षा तेच जास्त वेळा ऐकलेत. ही डेमोची गोष्ट लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे. मग तिसरा अल्बम ‘एलिमेंट्स’ १९९३ ला आला तो कंपनीशी करार बाकी होता म्हणून, मोडलेला बँड गोळा करून, घाईघाईत. वाईट नाही, त्यात मध्येच लॅटिन ताल वगैरे मजा आहे, पण घर सोडायच्या आधी आवरून ठेवल्यासारखा वाटतो. माझ्या हिशोबात एथिस्ट रस्त्यावरच संपला होता, कागदावर दोन वर्षांनी संपला.

सिनिकची गोष्ट वेगळी, तिथे तेव्हा कोणी मेलं नाही. ‘ह्यूमन’वर वाजवून नाव झालेलं, रोडरनरसारखी कंपनी, सगळं जुळून आलेलं, आणि ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळ आलं दक्षिण फ्लोरिडात, प्रॅक्टिसची जागाच गेली, रेकॉर्डिंग लांबलं. ‘फोकस’ आला तो सप्टेंबर १९९३ ला. तू ऐकला नसशील तर आधी सांगतो, पहिल्यांदा ऐकताना हसू येईल, कारण गाणारा व्होकोडरमधून रोबोसारखा गातोय आणि मागे दुसरा गुरगुरतोय आणि खाली फ्रेटलेस बेस तरंगतोय. या अल्बमला घेऊन ते अमेरिकेत टूरला गेले कोणाबरोबर, तर कॅनिबल कॉर्प्सबरोबर! आता मी साउंडवाला म्हणून सांगतो, ज्या पब्लिकला डोकं आपटायचंय त्यांच्यासमोर रोबोचा आवाज आणि क्लीन गिटार लावणं म्हणजे लग्नाच्या वरातीत भीमपलास आळवण्यासारखं आहे, राग चांगला, गाणारा चांगला, पण लोकांना नाचायचंय. १९९४ ला बँड मोडला, नवीन गाणी वेगळ्याच दिशेला चालली होती.

यात चूक कोणाची? मला वाटतं कोणाचीच नाही, काळाची थोडी आणि बुकिंगची थोडी. पब्लिक तयार व्हायला पंधरा वर्षं लागली. ते २००६ ला परत जमले, २००८ ला ‘ट्रेस्ड इन एअर’ काढला आणि यावेळी लोक आधीच वाट बघत होते. मग २०१५ ला भांडण. मग जानेवारी २०२० ला रायनर्ट गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेसिस्ट शॉन मलोन. ती बातमी आली तेव्हा लॉकडाउनमुळे माझा धंदा बंद होता, साउंडचं सामान गोडाउनमध्ये पडलेलं, मी दिवसभर ‘फोकस’ लावून बसलो होतो.

बाकीचे पटकन सांगतो. रिपल्शन, मिशिगनच्या फ्लिंटचे, यांतले दोघं १९८५ ला फ्लोरिडाला चकबरोबर डेथमध्ये वाजवायला गेले होते, नाही जमलं, परत आले, १९८६ ला एक अल्बमभर गाणी रेकॉर्ड केली, कोणी काढायला तयार होईना, बँड बंद. ते रेकॉर्डिंग १९८९ ला ‘हॉरिफाइड’ नावाने आलं आणि ग्राइंडकोअर या सुसाट वेगाच्या प्रकारवाल्यांचं पाठ्यपुस्तक झालं. स्वीडनचे अ‍ॅट द गेट्स, १९९५ ला ‘स्लॉटर ऑफ द सोल’, १९९६ ला बंद, आणि मग दहा वर्षं अर्धी अमेरिका त्यांचेच रिफ वाजवत होती. हे परत आले, २०१४ पासून चांगले अल्बम दिले, गायक टोमास लिंडबर्ग सप्टेंबर २०२५ मध्ये कॅन्सरने गेला. आणि जर्मनीचे नेक्रोफेजिस्ट, १९९९ आणि २००४, दोन अल्बम, मग शांतता. ना अपघात, ना भांडण जाहीर, नुसतं गप्प. हा प्रकार मला सगळ्यात ओळखीचा आहे.

आता जिथे तुझ्याशी कोणी भांडेल तिथे मी आधीच भांडून घेतो. पँटेराला मी या यादीत घालणार नाही. डिसेंबर २००४ ला ओहायोमध्ये डाइमबॅग डॅरेलला स्टेजवर गोळ्या घातल्या ती भयंकरच गोष्ट आहे, त्यावर वाद नाही. पण पँटेरा २००३ लाच मोडला होता, आपापसातल्या भांडणाने, आणि २००० चा शेवटचा अल्बम ऐकून मला तरी पुढचा रस्ता दिसत नाही. अकाली काय संपलं तर डाइमबॅग संपला, आणि त्याचा नवीन बँड डॅमेजप्लॅन संपला एका अल्बमवर. माणूस अकाली जाणं आणि बँड अकाली जाणं या दोन गोष्टी आहेत, लोक नेहमी एक करतात. मेटॅलिकाचंच घे, क्लिफ अकाली गेला, बँड नाही गेला.

‘चालू राहिले असते तर मेटॅलिकाएवढे झाले असते का’ याचं उत्तर नाही. सरळ नाही. मेटॅलिका मोठा झाला तो गाणी सोपी करून, १९९१ चा काळा अल्बम, हळू ताल, लक्षात राहणारे कोरस. आणि १९९१ लाच आपले हे फ्लोरिडावाले ‘ह्यूमन’ आणि ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’ काढत होते, म्हणजे गाणी अजून अवघड करत होते. दोन्ही गाड्या एकाच स्टेशनातून सुटल्या आणि उलट्या दिशेने गेल्या. यांना स्टेडियम मिळालं नसतंच, फार फार तर युरोपच्या फेस्टिव्हलला दुपारी चारचा स्लॉट. आणि अजून दहा वर्षं चालले असते तर दोनेक वाईट अल्बम पण निघाले असते, सगळ्यांचे निघतात. मेलेल्या बँडचा वाईट अल्बम कधी येत नाही हा त्यांचा मोठा फायदा आहे, त्याला भुलू नकोस.

आता तुमचं. आमचा बँड २००८ ला संपला. कसा? मुंबईच्या रंगभवन या उघड्या थिएटरचे शो तर केव्हाच बंद झाले होते सायलेन्स झोनमुळे, कॉलेज फेस्टवाले मेटल घ्यायला कंटाळले होते, पण कारण ते नाही. कारण गिटारिस्टला ऑनसाइट मिळालं. तीन महिन्यांसाठी गेला तो अजून न्यू जर्सीत आहे, दोन पोरं, लॉन कापतो रविवारी. मग बेसिस्टचं लग्न ठरलं. पुण्यातले बँड्स कशाने संपतात याचा कोणी अभ्यास केला तर ऑनसाइट, एमएस आणि लग्न या तीन गोष्टींत नव्वद टक्के हिशोब बसेल, हा माझा अंदाज आहे, आकडा म्हणून कुठे छापू नको. आमच्याकडे तेव्हा सहा गाणी तयार होती, अगदी घासून बसवलेली, आणि ‘तो परत आला की स्टुडिओ बुक करू’ म्हणून रेकॉर्ड करायची राहिली. आता त्यातलं चौथं गाणं मला आठवतच नाही. सुरुवातीचा रिफ आठवतो, पुढे काय होतं ते गेलं. गिटारिस्टलाही विचारलं व्हॉट्सअ‍ॅपवर, त्याला तर रिफ पण आठवत नाही.

म्हणून मघाशी डेमोची गोष्ट लक्षात ठेव म्हटलं. रॉजर पॅटरसनचं काम आज ऐकता येतं कारण कोणीतरी डब्यासारख्या आवाजात का होईना टेप चालू केली होती. रिपल्शनचं तसंच.

सप्टेंबरला अजून वेळ आहे. महागडा स्टुडिओ नको, तुमचा जॅमपॅड चालेल. ड्रमरला क्लिकवर, म्हणजे कानातल्या टिकटिकीवर, वाजवायची सवय नसेल तर आत्तापासून लाव, आठ दिवस शिव्या घालेल, मग जमेल. चार माइक ड्रम्सला पुरे, किक, स्नेअर आणि वर दोन. बेस अँपला माइक लावलात तरी त्याच वेळी डीआय, म्हणजे गिटारमधून थेट येणारा सिग्नल, वेगळा घ्या, कोरडा, काही इफेक्ट न लावता, म्हणजे तो जर्मनीत असताना तुम्ही त्याचा आवाज हवा तसा परत बनवू शकाल. गिटारचं पण तसंच. प्रत्येक गाण्याचे तीन टेक, चुका झाल्या तरी मध्ये थांबायचं नाही. जे गाणं अर्धवट आहे ते अर्धवटच रेकॉर्ड करा, ‘पूर्ण झालं की करू’ म्हणू नका. फाइल्स वेव्हमध्ये ठेवा, एमपीथ्री नको, दोन हार्ड डिस्कवर, आणि त्यातली एक बेसिस्टच्या बॅगेत टाका.